आतून उघडणारं घर

आमची गाडी शेताच्या कडेला उभी राहिली की गावातल्या बायका आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात. पत्र्यावर हात फिरवून बघतात, वाकून खाली बघतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "अगं सुनंदा, हिचं दार उघडायचं कसं?" दार मागच्या बाजूला आहे, ते सगळ्यांना दिसतं. पण त्याला बाहेरून ना कडी, ना मूठ, ना कुलूप. ते तसं का आहे, हे उभ्या उभ्या सांगून होत नाही. त्याच्यासाठी ठाण्याला जाऊन यावं लागतं. सगळ्यांना काही तिकडं जाणं होणार नाही, म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा सातवीलाच सुटली. आठवीचा वर्ग नदीपलीकडे होता आणि नदीवर पूल नव्हता. तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

आमचे हे मधमाश्या पाळतात. दिवाळी झाली की भाड्याच्या टेम्पोत पेट्या भरून निघतात. कुठे सूर्यफूल, कुठे कोथिंबीर, कुठे करडई, पुढे कधी राजस्थानात मोहरी. एका जागचं फूल संपलं की पेट्या पुढच्या फुलावर. उन्हाळ्यापर्यंत यांचा मुक्काम बांधावर, ताडपत्रीच्या पालात. मी एका वर्षी सोबत गेले होते. तिसऱ्या रात्री कुणीतरी ताडपत्रीची कड वर केली आणि आत तोंड घातलं. बिचारा काडेपेटी मागायला आलेला पिऊन झिंगलेला माणूस होता, काही न करता निघून गेला. पण माझी झोप त्याच्याबरोबर गेली. ताडपत्रीला कडी नसते. मी घरी परतले आणि यांना सांगितलं, आतून कडी लागेल असं काही असेल तर येईन, नाहीतर नाही.

त्यानंतर बरीच वर्षं तो विषय निघाला नाही, कारण मुलीची शाळा होती. यंदा मुलगी अकरावीला लातूरच्या वसतिगृहात गेली. घरात मी एकटी आणि बांधावर हे एकटे, असं होणार होतं. मला या वर्षी सोबत येणार का, असं यांनी तोंडानं विचारलं नाही. त्याऐवजी गाडी घेतली.

कोलशेत

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं हे ठाण्यात पार्सलच्या गाडीवर ड्रायव्हर होते. तिथली एक बंद पाठीची मालवाहू व्हॅन मालकानं विकायला काढल्याचं यांना कळलं. ती यांनी स्वतः चालवलेली गाडी. गाडीबद्दल हे असं बोलत होते की मला वाटलं एखादी जुनी म्हैस परत मिळाली. तिच्यात घर बांधायचं काम कोलशेतच्या हरेशदादांनी अंगावर घेतलं होतं. दादांची पत्र्याची शेड आहे. टेम्पोच्या बॉड्या, मालाच्या फळ्या, जाळ्या, दारं असं काम चालतं. वडिलांची भातशेती होती, मिठागरातही काम केलेलं. आता शेतावर इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर ही शेड.

आम्ही पोचलो तो पितृपक्षाचा पहिला आठवडा. मला धाकधूक होती की अशा दिवसांत घराचं काम करावं का. आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. दादा म्हणाले, "म्हणूनच तर तुमचं काम आता होतंय वहिनी. या दिवसांत एक माणूस नवी गाडी घेऊन जात नाही, शेड रिकामी. आणि तुमचं काय नवं आहे? गाडी जुनी, पत्रा जुना, बालाजी जुना. घेऊन जा घटस्थापनेला." बालाजी म्हणजे आमचे हे. ते हसले. मी मनात म्हटलं, चला, निदान ताबा तरी चांगल्या दिवशी मिळेल. आरटीओचं काम दादांच्या ओळखीचा माणूस बघत होता. त्यातलं मला काही कळत नाही, म्हणून लिहीत नाही. पण ते झाल्याशिवाय दादा गाडी हलवू देणार नव्हते एवढं खरं.

गाडी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा आत काहीच नव्हतं. नुसता पत्र्याचा डबा. खोक्यांचा, चिकटपट्टीचा वास येत होता. वर पंख्यासाठी एक गोल भोक पाडलेलं, त्यातून उन्हाची भाकरी खाली पडली होती. आतल्या पत्र्यावर फुटक्या पेल्याचं चित्र असलेला एक स्टिकर होता, काचसामान जपून ठेवायचा. हे तो खरवडायला लागले. मी म्हटलं राहू द्या.

दिवा

मुक्काम यांच्या बहिणीकडे, मंगलताईंकडे, दिव्याला. इथे इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की ताईंच्या खिडकीतून समोरच्या घरातलं कॅलेंडर वाचता येतं. संकष्टी कधी आहे ते आम्ही तिथेच बघितलं. ताईंची खोली चौथ्या मजल्यावर, आणि पाणी आलं तर येतं. नाही आलं तर खाली टँकर. मी पहिल्याच सकाळी दोन घागरी घेऊन खाली गेले. शेजारणी म्हणाल्या, पाहुण्यांना कशाला पाठवता. ताई म्हणाल्या, "ती लातूरकडची आहे. तिला पाणी भरल्याशिवाय माहेरी आल्यासारखं वाटत नाही."

गाडीत पाण्याची टाकी किती मोठी बसवावी यावर शेडमध्ये रोज चर्चा व्हायची. दादा म्हणायचे, दोन माणसांना एवढीशी टाकी पुरणार नाही. मी ताईंना हे सांगितलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "घर चाकावर असलं काय आणि चौथ्या मजल्यावर असलं काय, पाणी शेवटी खालूनच आणायचं." मग म्हणाल्या, "दरवर्षी बालाजी येतो तेव्हा गालफडं आत गेलेली असतात. चुरमुरे खाऊन राहतो तो, तुला सांगत नाही." हे मला खरंच माहीत नव्हतं. फोनवर हे रोज पिठलं-भाकरी केली म्हणून सांगायचे. मीही तांदळातला खडा शोधत बसले.

डोंबिवली

दादांनी आम्हाला साठेकाकूंकडे पाठवलं. साठेकाका-काकूंनी काही वर्षांपूर्वी याच शेडमध्ये असंच चाकावरचं घर करून घेतलं होतं. काका नोकरीतून निवृत्त झाले आणि दोघं त्या गाडीतून कोकण, गोवा, कर्नाटक फिरून आले. आता काकांचा गुडघा धरतो, म्हणून गाडी सोसायटीच्या आवारात झाकून उभी असते.

मी शिकलेल्या माणसांच्या घरी गेले की आधी चपला कुठे काढायच्या याचीच काळजी करते. पण काकूंनी आम्हाला घरात नेलंच नाही, थेट गाडीत बसवलं. पोहे, चहा सगळं गाडीत आलं. "घरात पाहुणे फार झाले की मी दुपारची इथेच येऊन झोपते," काकू म्हणाल्या. "लोकांना वाटतं मी भाजी आणायला गेले."

त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. बरणी ठेवायच्या फळीला पुढून बोटभर पट्टी हवी, नाहीतर पहिल्याच वळणाला लोणचं अंथरुणात. कांदे टांगून ठेवायचे. गाडीत एकाच वेळी दोघांनी उभं राहायचं नाही, एक उभा तर दुसरा बसलेला. आणि पुढची ड्रायव्हरची जागा आणि मागचं घर यांच्यामधल्या पत्र्यात एक छोटी सरकती खिडकी पाहिजेच.

"ती कशाला?" यांनी विचारलं.

"चहा द्यायला. आणि रस्ता चुकलात हे सांगायला. आमचे हे कधी स्वतःहून मान्य करत नसत."

काका शांतपणे पोहे खात म्हणाले, "गाडीत सगळी सोय होती. भांडायला तेवढी जागा नव्हती. भांडण झालं की एकानं खाली उतरायचं असा नियम केला. मी निम्मं कर्नाटक उतरूनच बघितलं."

निघताना काकूंनी त्यांच्या गाडीतलं घडीचं बेसिन आणि मच्छरदाणी माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होते. त्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तू जाणार आहेस ना गं याच्याबरोबर?"

मी म्हटलं, बघू.

हे बाजूलाच उभे होते. ते बेसिन कसं उघडतं ते बघायला लागले.

पुन्हा कोलशेत

पंधरवडा संपत आला तसं गाडीत घर दिसायला लागलं. पत्र्याच्या आतून चंदेरी फोम, त्यावर प्लायवूड. दिवसा ओटीसारखा बसायला येणारा पलंग, खाली पेट्यांचं सामान. एका बाजूला ओटा, त्यावर शेगडी. दादांची बायको भारतीवहिनी शेडमागेच राहतात. त्या येऊन बघून जायच्या. त्यांच्याकडे मी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. ती भाकरी इतकी पांढरी आणि मऊ असते की घडी घालून ठेवावी वाटते. पहिल्यांदा मी तिला रुमालच समजले होते. आमची ज्वारीची भाकरी बघायची म्हणून त्या हट्ट धरून बसल्या. एवढ्याशा ओट्यावर भाकरी होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. "या डब्यात भाकर फुगंल तर मना सांग, मी हिला कुंकू लावीन," असं म्हणाल्या.

ओट्याची परीक्षाही व्हायची होतीच. मी परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागले. तुम्हाला माहीत आहे, ज्वारीची भाकरी काही हळुवार थापता येत नाही. मी थाप मारली की गाडी स्प्रिंगांवर खाली जायची आणि वर यायची. मी थापतेय, गाडी डुलतेय, तव्यावरची भाकरी सरकतेय. बाहेर शेडमधली माणसं काम थांबवून गाडीकडे बघत उभी राहिली. यांनी मागच्या दारातून तोंड घालून सांगितलं की जरा हळू, लोक वेगळंच समजायला लागलेत. भारतीवहिनी पोट धरून खाली बसल्या. शेवटी दादांनी गाडीच्या चारी कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे लावले तेव्हा गाडी स्थिर झाली आणि भाकरी टम्म फुगली. वहिनींनी शब्द पाळला. ओट्याच्या कोपऱ्याला लावलेलं ते कुंकू अजून आहे.

सगळे भाकरी घेऊन बाहेर गेले. मी गॅस बंद केला, सिलिंडरचा कान पिळला आणि परात पुसत राहिले. तेवढ्यात मागचं दार धाडकन बंद झालं आणि बाहेरून लोखंडी दांडा पडल्याचा आवाज आला.

मी आधी हसलेच. वाटलं चेष्टा करताहेत. मग दाराला हात लावला. दाराला आतून काहीच नव्हतं. गुळगुळीत पत्रा. ढकललं, हललं नाही. हाक मारली. बाहेर ग्राइंडर सुरू झाला होता, त्याच्यापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. फोन बाहेर पिशवीत. बाजूची खिडकी होती, पण ती शेडच्या भिंतीला लागून. खिडकीत तोंड घालून ओरडले तर भिंतीनं ते परत माझ्याकडेच पाठवलं. पुढची चहाची खिडकी अजून बसायची होती, तिथे प्लाय ठोकून ठेवलेला. मला घाम फुटला. मी पलंगावर बसले.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. ताडपत्रीत कुणी आत येईल याची भीती, आणि इथे मला बाहेर जाता येत नव्हतं. वर्षानुवर्षं मी एकच गोष्ट मागितली होती आणि एवढ्या फळ्या, खिळे, पट्ट्या लावल्या त्यात नेमकी तीच नव्हती.

वरच्या भोकातून उजेड येत होता. श्वास जरा बसला तसं मला त्या उजेडात एकेक वस्तू दिसायला लागली. बरणीच्या फळीला काकूंनी सांगितलेली पट्टी होती. उशाशी हाताला येईल अशी खुंटी होती. आणि ओटा. थापताना मला एकदाही खांदे उचलावे लागले नव्हते, हे आता लक्षात आलं. मी बुटकी आहे. आमच्या घरातल्या ओट्याजवळ मी पाटावर उभी राहून भाकरी करते. हे चांगले उंच आहेत. या ओट्यावर यांना नुसता तांब्या विसळायचा तरी पार कमरेत वाकावं लागणार होतं. मी आले नाही, तर सगळा हंगाम हे असे वाकून राहणार होते. विचारलं नव्हतं मला, पण ओटा माझ्या मापाचा कापला होता.

मग मी उठले. तवा खाली काढून घेतला आणि उलथन्यानं त्यावर मारायला सुरुवात केली.

ग्राइंडर थांबला. दांडा वर गेला. दारात हरेशदादा, त्यांच्या हातात माझीच अर्धी भाकरी. मागे हे, पांढरेफटक.

दादांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. दार त्यांनीच लावलं होतं, जाता जाता, न बघता. शेडमध्ये तशी सवयच आहे. मागचं दार उघडं दिसलं की जाणारा माणूस ते आपटून दांडा टाकतो, नाहीतर माल खाली पडतो. दादा तिथेच उभे राहून म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं मी मालाच्या गाड्या बांधतोय. मालानं आतून दार वाजवलेलं आज पहिल्यांदा ऐकलं."

भारतीवहिनी धावत आल्या. "मानूस हाय का माल हाय, तुमाना कलत नाय?" असं नवऱ्याला म्हणून त्यांनी मला पाणी दिलं आणि मग त्यांना आणखी बरंच काही म्हणाल्या, ते सगळं मला समजलं नाही. दादा मान खाली घालून ऐकत होते.

मी यांच्याकडे बघितलं. "माझी एकच अट होती."

"दादांना रोज सांगायचं ठरवायचो," हे म्हणाले. "पण सांगितलं असतं आणि तरी तू आली नसतीस, तर नुसती कडी बघत बसावं लागलं असतं मला."

मी तवा धुवायला घेतला.

कल्याण

दुसऱ्या दिवशी आम्ही शेडवर गेलो तर दाराचा बाहेरचा दांडा गायब. दादांनी तो कापून टाकला होता. जिथे जिथे भोकं होती तिथे पत्रा लावून, घासून, रंग मारून दार असं सफाईदार केलं होतं की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. "आता देव जरी आला तरी वहिनींना बाहेरून कोंडू शकत नाही," दादा म्हणाले. मला भरून आलं. परक्या गावात आपल्यासाठी माणूस एवढं करतो. आतल्या कडीसाठी मात्र त्यांनी मलाच पाठवलं. तुम्हाला पाहिजे तशी तुम्ही आणा, म्हणाले.

म्हणून आम्ही कल्याणला गेलो. बाजारात गादीचा फोम घेतला, पडद्याला पिवळं कापड घेतलं. यांनी सांगितलं की निळं चालेल, पण मी करडईच्या फुलाचा रंग धरून बसले. मग हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, कडी कशाला हवी, बाथरूमला, कपाटाला की मुख्य दाराला? मी म्हटलं मुख्य दाराला. तो म्हणाला, कितवा मजला, फ्लॅट कुठे आहे?

"फिरता असतो," हे म्हणाले.

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं आणि काउंटरवर कड्या मांडायला सुरुवात केली. मी एकेक हातात घेऊन सरकवून बघत होते. पितळेची नाजूक एक होती, तिच्यावर माझा विश्वास बसेना. शेवटी एक जाड लोखंडी अल्ड्रॉप घेतला, आपल्याकडे गोठ्याच्या दाराला असतो तसा, सरकवला की खणखणीत वाजणारा. त्यासोबत दुकानदारानं एक खटकाही दिला. म्हणाला, गाडी चालताना दार फडफडायला नको. ओढून घेतलं की हा आपोआप लागतो आणि आतून बोटानं दाबला की सुटतो. आम्हाला ते फार पटलं. त्या दुकानात उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही. शेडवर दोन्ही बसवले तेव्हा दादांच्याही नाही.

घटस्थापना

सकाळी भारतीवहिनींनी गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि सोबत तांदळाच्या भाकऱ्यांची चवड बांधून दिली. दादांनी दार ओढून बंद केलं, खटका टक् करून लागला, आणि ते लहान मुलासारखे हसले. मी आतच होते, चहाच्या खिडकीशी, यांच्या पाठीमागे.

शीळफाट्याला गाड्यांचा असा गोंधळ होता की गाडी बंद करून बसावं लागलं. चारी बाजूंना कंटेनर, मध्ये आम्ही. बाजूच्या ट्रकमधल्या ड्रायव्हरनं आमचे पिवळे पडदे बघितले आणि वरून विचारलं, "भाई, माल क्या है?"

"घर है," हे म्हणाले.

तो विचार करत बसला. पुढची वाट मोकळी झाली तेव्हा त्यानं हॉर्न न वाजवता हात करून आम्हाला आधी जाऊ दिलं. मला ते शुभ वाटलं.

डोंबिवलीला थांबायचंच होतं, काकूंना गाडी दाखवायला. काका काठी टेकत खाली आले. काकूंनी आत जाऊन फळीची पट्टी तपासली, चहाच्या खिडकीची काच सरकवून बघितली, पलंगावर आडव्या झाल्या आणि पास म्हणाल्या. मग सगळे खाली उतरलो. फोटो काढायचा होता. फोटोत दार उघडं कसं दिसेल म्हणून मी ते नीट ओढून घेतलं.

टक्.

फोटो छान आला आहे. त्यात फक्त मीच हसत नाही, कारण टक् झालं त्या क्षणी मला कळलं होतं. माझी पिशवी, वहिनींच्या भाकऱ्या, मुलीसाठी घेतलेला ड्रेस, सगळं आत. आणि दाराला बाहेरून धरायलासुद्धा काही नाही. हरेशदादांनी ते इतकं सफाईदार केलं होतं.

आधी मला बाहेर पडता येत नव्हतं, आता दोघांनाही आत जाता येत नव्हतं. काकू हसायला लागल्या त्या थांबेनात. हे पुढून चढले आणि चहाच्या खिडकीतून आत शिरायला बघू लागले. डोकं गेलं, एक हात गेला, पोट अडकलं. चुरमुरे खाऊनसुद्धा. मग मी प्रयत्न केला. माझा हात खांद्यापर्यंत जायचा, पण दार पार मागच्या टोकाला. शेवटी काकांनी आपली काठी पुढे केली. गुडघ्यासाठी घेतली, आज कामाला आली, म्हणाले. काठीला काकूंची पडदे सरकवायची लांब दांडी बांधली. मी खिडकीतून ती आत घातली. काकू बाजूच्या जाळी लावलेल्या खिडकीला डोळा लावून 'डावीकडे, अजून डावीकडे, अगं तुझं डावं' असं सांगत राहिल्या. खूप वेळानं दांडीचं टोक खटक्यावर दाबलं गेलं. मागे हे दाराच्या फटीत नखं घालून उभेच होते. दार उघडलं.

हे घाम पुसत काठीची दोरी सोडायला लागले. म्हणाले, "मागं फिरू. कोलशेतला जाऊन बाहेरून एक मूठ बसवून घेऊ. तासाभराचं काम."

मी म्हटलं, "कशाला?"

हे दोरीच्या गाठीकडेच बघत होते. "तू नसलीस तर मला एकट्याला उघडता यायला पाहिजे."

काका काठीची वाट बघत उभे होते. पंधरा दिवस यांनी जे विचारलं नव्हतं, ते आत्ता त्या गाठीतून विचारलं होतं.

"राहू द्या तसंच," मी म्हटलं. "असेन की मी."

यांनी काठी काकांना दिली. काकांना नमस्कार केला, काकूंना केला, मग चुकून काकांना परत एकदा केला. गाडीत बसले आणि सुरू करायच्या आधीच गिअर टाकला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. काकू म्हणाल्या, "जपून रे, आत काच आहे." त्यांनी तो पेल्याचा स्टिकर बघितला असणार.

मी परत आतच बसले. कल्याण मागे पडलं, मुरबाड गेलं. माळशेजच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन आम्ही वहिनींच्या भाकऱ्या खाल्ल्या. मी चहा केला आणि मुद्दाम चहाच्या खिडकीतून पुढे दिला, गाडी उभी आणि यांचे दोन्ही हात मोकळे असतानाही.

आता हंगाम निम्मा झालाय. कोथिंबीर झाली, सध्या करडईवर आहोत. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी अल्ड्रॉप लावून, ओढून, परत ओढून बघायचे. आता एकदाच लावते. दोघांना एकदम बाहेर जायचं असलं की दाराच्या फटीत माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी अडकवून ठेवतो, म्हणजे खटका लागत नाही. पण तसं फारसं होत नाही. हे पेट्या बघून येतात, अंगावर एखादी माशी राहिली असेल तर झटकतात आणि दारावर दोन बोटांनी वाजवतात. मी आतून विचारते, कोण? हे म्हणतात, माल. शेजारच्या शेतकऱ्याला वाटतं की मी यांना घराबाहेर ठेवते. त्यानं एकदा यांना बाजूला घेऊन समजावूनही सांगितलं.

हरेशदादांचा फोन आला होता. बाहेरची मूठ राहून गेल्याचं त्यांच्या मनाला लागलंय. तिकडे आलो की फुकटात बसवून जाईन, म्हणाले. यांनी सांगितलं, दादा, या जरूर, जेवायला या.

तर बायांनो, कडी कुठे आहे म्हणून बाहेरून शोधत बसू नका. दार वाजवा. मी आतच असते, उघडते, मग दाखवते.